खिंडीतली बोरीची फांदी

आधीच सांगतो, यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, बंद पडलेली गाडीही नाही.

ही गोष्ट भर दिवसा घडली आहे. मागच्या वर्षी, पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी. नाशिकहून पेठ रस्त्याला लागलं की घाटानंतर जो डोंगराळ पट्टा लागतो, तिथे.

मी स्वतः तिथे नव्हतो. माझी सख्खी थोरली बहीण होती. तिने मला हे कितीदा तरी सांगितलं आणि एकदाही त्यातला शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं सांगणाऱ्याचं कुठेतरी गडबडतं. तिचं गडबडलं असतं तर खरं सांगतो, मला फार बरं वाटलं असतं.

गावाचं नाव विचारू नका. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे रील काढणाऱ्यांची जत्रा भरेल.

तर माझी बहीण, सुवर्णाताई. तिचा स्वभाव आधी सांगायला हवा, कारण सगळं घडलं ते त्यापायीच. ताई पक्की संशयी. भाजीवाल्याने तराजू उचलला की हिची नजर आधी पारड्याखाली जाते. भावजी देवळात गेलो होतो म्हणाले तर ही विचारते, "कुठल्या? आणि प्रसाद कुठंय?" आम्ही लहानपणी तिला हवालदार म्हणायचो. तिला फसवणं महाकठीण, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

होता म्हणतो, कारण आता नाही.

आठवडाभर ती पिंपळगावला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसच्या ऑफिसात असते आणि रविवारी डोंगरात. नाशिकच्या एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये ती जुनी आहे. तिचं काम ठरलेलं, स्वीप. म्हणजे रांगेतला सगळ्यात शेवटचा माणूस. लीडर सगळ्यात पुढे, स्वीप सगळ्यात मागे. स्वीपच्या मागे कुणीही राहता कामा नये, एवढी एकच जबाबदारी.

त्यासाठी त्यांची शिट्टीची पद्धत आहे. लीडर पुढून एक लांब शिट्टी मारतो. स्वीपने मागून दोन छोट्या मारायच्या. त्या दोन छोट्या शिट्ट्यांचा अर्थ, सगळे माझ्या पुढे आहेत, माझ्या मागे कुणी नाही, चला. उत्तर मिळालं की लीडर पुढे निघतो. मिळालं नाही तर जागचा हलत नाही.

ही पद्धत लक्षात ठेवा.

त्या रविवारी ताईसोबत तिची नणंद होती. सविता.

ताईचं सासर मखमलाबादला. घरची भाजी आणि फुलांची शेती, पंचवटीच्या बाजारात फुलांचा गाळा. गाळ्यावर सविता बसायची. सव्वीस वर्षांची, बडबडी, गिऱ्हाइकाला हसत हसत गुंडाळणारी. त्या वर्षी उन्हाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि फुप्फुसात पाणी भरलं. आयसीयूत होती. एका रात्री तर डॉक्टरांनी हात टेकले होते. वाचली. पण खोकला राहिला. कोरडा, छोटा, दर मिनिटाला येणारा. ख्खं... ख्खं. घरात कुठल्या खोलीत सविता आहे, ते खोकल्यावरून कळायचं.

डॉक्टर म्हणाले, आता चालायला लावा, डोंगरावर न्या, हवा बदलू दे.

ताईच्या सासूबाई मात्र तयार नव्हत्या. "पितरांचे दिवस आहेत. या दिवसांत रानात कशाला?"

"आई, मी तिच्या मागेच असणार आहे," ताई म्हणाली. "नेते तशी आणून तुमच्या पुढ्यात उभी करते. तुमची पोर, माझी जबाबदारी."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "तुझ्या भरवशावर पाठवते हं," एवढंच म्हणाल्या.

सकाळी गावात पोचले तेव्हा ऊन होतं. दहा-बारा जणांचा ग्रुप. लीडर शेखर सर, डोंगरांत मुरलेला माणूस, या वाटेवर पूर्वी एकदा येऊन गेलेला. गावातून चढायचं, वर खिंड लागते, खिंड ओलांडून पलीकडच्या रानातून कड्याच्या टोकापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत. चढ सोपा. म्हणूनच सविताला आणलं होतं.

पण गाव... गाव रिकामं होतं.

हापशावर बाई नाही. नागलीच्या वावरात माणूस नाही. घरांची दारं लोटलेली. फक्त खालच्या ओढ्यावर बरेच बाप्ये एकदम अंघोळ करत होते. अंगावरच्या कपड्यांसकट. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

चहाच्या टपरीवर सहादूबाबा बसले होते, ट्रेकर लोकांना वाट दाखवणारे गावातले म्हातारे. सरांना ते ओळखायचे. तरी हसले नाहीत.

"आज नका जाऊ वर," ते म्हणाले.

"का हो बाबा?"

"आज वाट मिटवलेली हाय. तीन दिसांनी या."

"मग तुम्ही चला सोबत. तुमचं काय असेल ते देऊ."

"मी नाय. आज कोनीच नाय यायचं." आणि ते उठून टपरीच्या मागे निघून गेले.

आता सांगा, यात ताईला काय दिसलं असेल? "सर, हा भाव वाढवतोय," ती हळूच म्हणाली. "उद्या सोमवार, आपण थांबणार नाही हे त्याला माहीत आहे. वर कुठेतरी अजून एक जण उभा असेल बघा वाटाड्या म्हणून. ठरवून चालतं हे."

सर हसले. ग्रुप निघाला.

चढ छान होता म्हणे. दोन्ही बाजूंना तेरडा फुललेला, खाली भाताची खाचरं, मध्येच साग. पहिल्या सोंडेवर पोचल्यावर खालचं धरणाचं पाणी आणि मागे डोंगरांच्या रांगा. सविताने तिथे दोन्ही हात पसरून फोटो काढून घेतले. पिवळा रेनकोट घातला होता तिने, टोपीवाला, ताईनेच घेऊन दिलेला.

"वहिनी, मला वाटलं होतं मी परत असलं काही बघणारच नाही," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग खोकली. ख्खं... ख्खं.

"खोक, खोक," ताई म्हणाली. "तू खोकतेस तोवर मला मागून काळजी नाही."

दोघी हसल्या.

खिंडीत पोचले तर वाटेवर एक फांदी आडवी टाकलेली होती.

बोरीची. काटेरी. नुकती तोडलेली, पानं अजून हिरवीगार. दोन्ही टोकांवर दगड ठेवलेले, वाऱ्याने हलू नये म्हणून.

पुढचे सगळे ती ओलांडून गेले. कमरेइतकी उंच नव्हती काही, टांग टाकली की झालं. कुणी तिला हात लावला नाही. पण सविताचा रेनकोट काट्यात अडकला. सोडवायला गेली तर बोटाला काटा लागला.

ताई चिडली.

ट्रेकर लोकांत वाटेवर आडवी फांदी म्हणजे 'इकडे जाऊ नका, वाट चुकली' अशी खूण असते. ताईला वाटलं, हेच ते. बाहेरच्यांनी घाबरून परत फिरावं, खाली जाऊन वाटाड्या घ्यावा. "बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणत तिने दोन्ही दगड पायाने ढकलले, फांदी उचलली आणि दरीच्या बाजूला भिरकावून दिली.

सविता म्हणाली, "वहिनी, असू दे की गं. कुणी मुद्दाम ठेवली असेल."

"मुद्दामच ठेवलीय."

आणि दोघी पलीकडे उतरल्या.

खिंडीच्या पलीकडे थोडं चाललं की वाटेच्या उजव्या हाताला झाडीत थोडी मोकळी जागा आहे. तिथे ओल्या मातीचा ढीग होता. लांबट. वरून दगड रचलेले. बाजूला फुटलेलं मडकं. हिरव्या बांगड्यांचे तुकडे.

माती ताजी होती.

ताईने पाहिलं. पाहून मान फिरवली. सविताच्या लक्षात येऊ नये म्हणून ती मोठमोठ्याने भलत्याच विषयावर बोलायला लागली. पण ओढ्यावरची ती अंघोळ तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि सहादूबाबांचं ते 'वाट मिटवलेली हाय'.

 पण परत फिरून फांदी शोधायची, म्हणजे आपलं चुकलं असं कबूल करायचं. ते ताईच्या रक्तात नाही.

कड्याच्या टोकावर पोचेपर्यंत दुपार झाली. डबे उघडले. भाकरी, ठेचा, कुणाच्या तरी गुळपोळ्या. आणि खालून धुकं चढायला लागलं.

आधी पायथा गेला. मग समोरचा डोंगर. मग दहा पावलांवर बसलेली माणसं पुसट झाली.

"आवरा," सर म्हणाले. "रांग सोडू नका. सुवर्णा, शिट्टी चालू ठेव."

परतीची रांग लागली. पुढे सर, शेवटी ताई, ताईच्या पुढे सविता. सविता दमली होती. तिचा वेग कमी झाला आणि पुढच्यांच्यात आणि या दोघींच्यात अंतर पडलं. पुढचं कुणी दिसेना. फक्त पिवळा रेनकोट, आणि ख्खं... ख्खं.

पुढून सरांची लांब शिट्टी आली.

ताईने गळ्यातली शिट्टी उचलली. ओठांपर्यंत नेली. फुंकणार...

तेवढ्यात दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या.

तिच्या मागून.

ताई जागच्या जागी थिजली. शिट्टी तिच्या हातात होती. तिने फुंकली नव्हती.

मागे पाहिलं. धुकं. ओली वाट. कुणी नाही.

पुढे सरांना उत्तर मिळालं होतं. सगळे निघाले असणार. ताईने घाईघाईने स्वतःची शिट्टी फुंकली, पुन्हा पुन्हा, जोरात. पुढून काहीच आलं नाही. "सर!" म्हणून हाक मारली. धुक्यात आवाज कुठच्या कुठे विरून गेला.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही. चालत राहा. थांबू नकोस."

"थांब गं जरा, माझी लेस सुटलीय." सविता खाली वाकली.

आणि पुन्हा मागून... दोन छोट्या शिट्ट्या. या वेळी जवळून.

ताई गर्रकन वळली. धुक्यात दोन पावलं मागे गेली. का गेली, विचाराल, तर तिला वाटलं, ग्रुपमधलाच कुणी टवाळखोर मागे राहून मस्करी करतोय. पकडावं त्याला. हवालदार ना!

"कोण आहे रे? समोर ये!"

कुणी आलं नाही. नुसता ओल्या मातीचा वास आला.

ताई म्हणते, किती वेळ मी तशी उभी होते ते मला सांगता येत नाही. क्षणभर असेल, जास्तही असेल. तेवढाच वेळ तिची पाठ सविताकडे होती. आजही ती तेवढ्यावर येऊन अडते आणि रडते.

वळून पाहिलं तर सविता वाकलेल्या जागी नव्हती.

पुढे होती. बरीच पुढे. पिवळा रेनकोट, टोपी डोक्यावर ओढलेली, झपाझप चालत होता.

"सविता! अगं हळू!"

तिने मागे न बघता एक हात वर केला. चल, चल, असा. आणि चालत राहिली.

ताई धावली. तिला एवढाच आनंद झाला की पोरगी चालतेय, लवकर बाहेर पडू. त्या मातीच्या ढिगाशी तिने मान वळवूनही पाहिलं नाही. खिंड आली. पिवळा रेनकोट खिंड ओलांडून पलीकडच्या उताराला लागला.

आणि खिंडीच्या तोंडाशी एक म्हातारी बसलेली होती.

लुगडं ओलं, केस मोकळे, ओले. मांडीवर बोरीची फांदी. हिरवीगार, नुकती तोडलेली.

लंकाबाई तिचं नाव. हे ताईला नंतर कळलं.

"काटा कोनी काढला?" म्हातारीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

ताईला खोटं बोलता आलं असतं. पण ती म्हणाली, "मी."

"सकाळी माझी सून मातीआड केली. मागं कोनी वळायचं नाय, शेवटच्या मानसानं काटा लावायचा. तीन दिस वाट मिटवायची. तिला घराकडं यायची वाट दिसू नाय म्हनून." म्हातारीने डोळे पुसले. "लय जीव होता तिचा घरात. लहान लेकरू हाय तिचं. ती यायला बघनारच ना गं."

ताईचा हात आपोआप तोंडावर गेला. "मावशी, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

"तुझ्यासंगं कोन हाय?"

"नणंद. ती पुढे गेली."

"म्होरं गेली ती एक दिसली मला." म्हातारीने फांदी पुढे केली. "जिनं काढला तिनंच लावायचा. वाटंकडं पाठ कर. मागं हात करून टाक, वर दगड ठेव नि चालाय लाग. मागं बघायचं नाय. कोनी हाक मारू दे, रडू दे."

ताईने फांदी घेतली. पाठ केली. तिच्या डोळ्यांसमोर आता गावाकडचा उतार होता, आणि उतारावर, धुक्यात, पिवळा रेनकोट थांबला होता. पाठमोरा. तिची वाट बघत.

तिने वाकून मागच्या मागे फांदी टेकवली. एका टोकावर दगड ठेवला.

तेव्हा आवाज आला.

ख्खं... ख्खं.

मागून.

"वहिनी..."

ताईच्या हातातला दुसरा दगड तसाच राहिला.

"वहिनी, थांब ना गं. लेस बांधत होते मी. कुठं गेलीस तू एकदम? मी राहिले की इथं..."

सविताचा आवाज. हुबेहूब सविताचा. दमलेला, थोडा रडवेला. आणि मध्ये तो खोकला.

ताईने समोर पाहिलं. पिवळा रेनकोट जागचा हलला नव्हता. मान वळत नव्हती.

"सविता!" ताई समोर बघून ओरडली. "एकदा माझ्याकडे बघ!"

रेनकोटाने फक्त हात वर केला. चल, चल.

"नाय बघायचं मागं," म्हातारी म्हणाली. "ती तुमच्या मागं मागं होती. आइकलेलं समदं बोलती ती."

"पण ती खोकतेय, मावशी! माझी सविता खोकते!"

म्हातारीने पुन्हा डोळे पुसले. मग म्हणाली, "माझी सून बी खोकूनच गेली."

आता सांगा. तुम्ही काय केलं असतं?

मागून आवाज येतच होता. "वहिनी, अशी काय करतेस? मला काटे ओलांडता येत नाहीत गं, मघाशी अडकले होते ना मी... आईला काय सांगशील?"

ताई म्हणते, या शेवटच्या वाक्याला माझी मान अर्धी वळली होती. पण तिला वाटलं, हा डाव आहे. ज्या बाईला कुणी कधी फसवू शकलं नाही, ती इथे फसणार नाही. आईचं नाव घेऊन आपल्याला वळवतेय.

तिने दुसरा दगड ठेवला.

आणि चालायला लागली.

मागे आधी हाका येत राहिल्या. मग रडणं. मग नुसता खोकला. वळणाशी पोचली तेव्हा शेवटचं ऐकू आलं...

दोन छोट्या शिट्ट्या.

सगळे माझ्या पुढे आहेत, माझ्या मागे कुणी नाही, चला.

गावात पोचली तेव्हा सगळा ग्रुप टपरीवर चहा पीत होता. सर वैतागले होते. "सुवर्णा, उत्तर देतेस आणि येत नाहीस, काय हे?"

आणि बाकावर सविता बसली होती. टोपी मागे टाकलेली. सविताचाच चेहरा, सविताचंच हसू.

"काय गं वहिनी, किती वेळ!"

ताईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाल गरम होते. बोटाला काटा लागल्याची खूण होती. ताई तिथेच तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. पायांकडे नजर गेली तेव्हा दिसलं, डाव्या बुटाची लेस सुटलेलीच होती. चिखलात लोळून काळी झालेली.

"बांधली नाहीस?"

"कुठं बांधायला वेळ दिलास? तूच म्हणालीस ना, थांबू नकोस."

म्हटलं तर उत्तर बरोबर होतं. ताईने आपल्या हाताने ती लेस बांधली.

रात्री सासूबाईंपुढे सविताला उभी केली. "घ्या तुमची पोर."

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. सविता हसत उभी होती. जेवणं झाली, सगळे झोपायला गेले, आणि अंथरुणात ताईच्या लक्षात आलं की शेजारच्या खोलीतून आवाज येत नाहीये.

सविता खोकत नव्हती.

त्या दिवसापासून आजवर ती एकदाही खोकलेली नाही.

डॉक्टर खूश. छातीचा फोटो काढला, फुप्फुसं स्वच्छ. म्हणाले, हवापालट झाली की होतं असं, वेळ लागतो एवढंच. सासूबाईंनी तर ताईची दृष्ट काढली. "तुझ्यामुळं माझी लेक बरी झाली गं." गल्लीत सगळ्यांना सांगतात, माझ्या सुनेने डोंगरावर नेली आणि पोरगी ठणठणीत करून आणली. ताई मान खाली घालून ऐकते.

सविता गाळ्यावर बसते. गिऱ्हाइकाशी तशीच बोलते. सगळ्या आठवणी आहेत तिला, शाळेतल्यासुद्धा. मी मुद्दाम खोदून विचारलं. एकही चुकलं नाही.

फक्त एक आहे.

त्यांच्या झेंडूच्या वावराला बांधावर काट्यांचं फाटक आहे. शेळ्या शिरू नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या आडव्या लावायच्या, माणसाने पायाने सारून आत जायचं. सविता लहानपणापासून तिथून उड्या मारत जायची. आता जात नाही. विहिरीकडून मोठा वळसा घालून जाते. विचारलं तर म्हणते, "कपडे अडकतात हो दादा."

कपडे अडकतातच की. त्यात काय?

मी ताईला हेच सांगितलं. संक्रांतीला गेलो होतो तेव्हा. ती मला गच्चीवर घेऊन गेली आणि पाण्याच्या टाकीमागून एक फांदी काढली. बोरीची. पानं वाळून गळालेली, काटे तसेच.

"दिवाळीपासून आणून ठेवलीय," ती म्हणाली. "रोज ठरवते, आज हिच्या दारात आडवी टाकायची. ओलांडते का बघायचं."

"मग टाक की. एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे. ओलांडेल ती, आणि तुझ्या डोक्यातलं भूत जाईल."

ताईने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर जगावर संशय घेणारी बाई. पण त्या नजरेत आता संशय घ्यायचंही त्राण नव्हतं.

"आणि नाही ओलांडली तर?" ती म्हणाली. "तर मग सासूबाईंना काय सांगू? त्यांची पोर मी कुठं ठेवून आले? ती ओरडत होती रे... मी आपल्या हाताने दगड ठेवला."

 मी फांदी तिच्या हातातून घेतली आणि पुन्हा टाकीमागे ठेवून दिली. फेकून द्यायला हवी होती. तेही जमलं नाही.

खालून सविताची हाक आली. "वहिनी, चहा झाला. दादा, तुम्हीपण या."

ताई पदराने डोळे पुसून खाली गेली.

मी जिन्यातच थांबलो. स्वयंपाकघरात सविता कप मांडत होती, गुणगुणत होती. मी श्वास रोखून कान दिला. किती वेळ तरी उभा होतो, नुसता एक खोकला ऐकू यावा म्हणून.